फॅक्टरने अंगावर गांधी उठल्या म्हणून घाबरलास, त्यावर थोडं

अरे, मेसेज वाचला तुझा. हिमोफिलियासाठी (रक्त गोठवणारं प्रथिन कमी असण्याचा आजार) तू फॅक्टर, म्हणजे त्याच प्रथिनाचं इंजेक्शन घेतलंस, अर्ध्या तासात हातावर गांधी उठल्या आणि आता घरात सगळे म्हणतायत नकोच ते इंजेक्शन. असं करू नकोस हां. फॅक्टर न घेता गुडघ्यात रक्त साचत राहिलं तर सांधा कायमचा जातो.

खाज, गांधी, चेहरा गरम होणं, डोकं दुखणं, बारीक ताप, हे कधी ना कधी बऱ्याच जणांना होतं. कधीकधी औषध घाईने ढकललं म्हणूनही होतं. फ्रीजमधली बाटली रूम टेम्परेचरला येऊ दे, पाणी सोडल्यावर खळखळ हलवू नको, तळहातांमध्ये धरून हळू फिरव, फेस व्हायला नको, आणि नसेत सावकाश सोड. गांधी डॉक्टरांना सांगायच्याच, पुढचा डोस त्यांना विचारून. पण श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला, ओठ सुजले तर तिथेच थांबायचं आणि सरळ इमर्जन्सीत जायचं. तुझा आठवा फॅक्टर कमी आहे (हिमोफिलिया ए), नववा कमी असलेल्यांना (हिमोफिलिया बी) तर अजून जपावं लागतं, त्यांच्यात जोराची ॲलर्जी आणि इन्हिबिटर, म्हणजे फॅक्टर निकामी करणारी अँटीबॉडी, बऱ्याचदा जोडीनेच येतात, म्हणून त्यांचे सुरुवातीचे 10-20 डोस हॉस्पिटलमध्येच द्यावेत असं सांगतात.

आणि मला खरी काळजी त्या इन्हिबिटरची वाटते, गांधींची नाही. गांधी निदान दिसतात तरी. इन्हिबिटर म्हणजे बाहेरून दिलेला फॅक्टर शरीराला परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, मग औषध आत जातं पण काम करत नाही. ना खाज, ना ताप. कळतं कसं, तर जो ब्लीड आधी एका डोसमध्ये आटोक्यात यायचा तो आता दोन-तीन डोस झाले तरी हटत नाही, सूज तशीच, आणि घरचे म्हणतात औषधच डुप्लिकेट असेल. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये साधारण 30 टक्के लोकांना हे होतं, बी मध्ये 5 टक्क्यांच्या आत. जास्त करून सुरुवातीच्या 20 ते 50 डोसांच्या काळात, म्हणजे लहानपणीच, पण आपल्याकडे फॅक्टर कधी मिळतो कधी नाही, त्यामुळे कित्येकांचे मोठेपणीही तेवढे डोस झालेले नसतात. तुझंही तसंच आहे.

रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता लॅबमध्ये बनवलेला फॅक्टर) घेतला की इन्हिबिटरचं टेन्शन नाही असं कोणी सांगेल तर मान हलव आणि सोडून दे. 2016 च्या सिपेट नावाच्या स्टडीत, ज्यात भारतातले पेशंटही होते, रिकॉम्बिनंटवाल्यांमध्ये 44.5 टक्के आणि प्लाझ्मावाल्यांमध्ये (रक्तातून काढलेला फॅक्टर घेणाऱ्यांमध्ये) 26.8 टक्के इन्हिबिटर निघाले. म्हणून लगेच ब्रँड बदलायला सांगत नाहीये, जो मिळतो तो घे, इन्हिबिटरची तपासणी चुकवू नको एवढंच.

फॅक्टरमधून एड्स होतो असं जे तुझ्या मावशीने ऐकलंय ते खोटं नाही, पण जुनं आहे. 1985 च्या आसपासपर्यंत हजारो लोकांच्या रक्तातून बनवलेल्या फॅक्टरमधून जगभर कितीतरी पेशंटना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी झाला, फार वाईट काळ होता तो. नंतर प्लाझ्मा फॅक्टर उष्णतेने आणि केमिकलने व्हायरस मारूनच यायला लागला. उलट आज फॅक्टरऐवजी क्रायो किंवा एफएफपी (दात्यांच्या रक्तातला गोठवलेला प्लाझ्मा आणि त्यातून काढलेला भाग) चढवतात त्यावर सहसा तशी प्रक्रिया नसते, भीती बाळगायचीच तर त्याची बाळग, आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसशील तर घे.

वहीत प्रत्येक डोसची तारीख, युनिट, बॅच नंबर आणि सूज किती वेळात उतरली ते लिही, डब्यावरच्या लेबलचा फोटो काढला तरी चालेल. दुखलं तर पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम नाही, त्यात आयब्युप्रोफेन असतं.

समजा इन्हिबिटर निघालाच तरी रस्ते आहेत, बायपास औषधं (आठव्या फॅक्टरला वळसा घालून रक्त गोठवणारी) आहेत, एमिसिझुमॅब (आठव्या फॅक्टरचं काम करणारं इंजेक्शन) आहे, फक्त एमिसिझुमॅब चालू असताना फायबा (बायपास औषधांपैकीच एक) कोणी द्यायला लागलं तर आधी हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारांच्या डॉक्टरला) फोन लावायला लाव, त्या दोघांच्या जोडीने रक्ताच्या गुठळ्या झाल्यात. आणि ती अक्कलदाढ काढायची म्हणतोयस ना, त्याआधी बेथेस्डा टेस्ट (रक्तात इन्हिबिटर किती आहे ते दाखवणारी) करून घे, रिपोर्ट हातात आल्याशिवाय डेंटिस्टची तारीख घेऊ नकोस.

तुझा,
दादा