चार ठोके आणि मधली उसळी : डिस्कोच्या घडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिस्को म्हणजे प्रत्येक मात्रेवर बेस ड्रम, असं सगळे सांगतात. हा ठेका पहिल्यांदा कोणी वाजवला?

उत्तर : प्रत्येक मात्रेवर पायाने बेस ड्रम वाजवणं डिस्कोच्या कितीतरी आधीचं आहे. १९३०च्या दशकातल्या स्विंग बँडचे ड्रमर हेच करत, फक्त इतक्या हलक्या पायाने की ठोका कानांपेक्षा अंगालाच आधी कळावा. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कित्येक गाण्यांत चारही मात्रांवर स्नेअर (कडक, तडतडीत आवाजाचा ड्रम) आहे. तेव्हा चार ठोक्यांचं श्रेय डिस्कोला देऊ नका. नवं होतं ते दोन ठोक्यांच्या मधलं.

१९७३ साली फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांचं ‘द लव्ह आय लॉस्ट’ ध्वनिमुद्रित झालं. गाणं मुळात संथ म्हणून योजलेलं. स्टुडिओत लय वाढवली गेली आणि ड्रमर अर्ल यंग यांनी चारही मात्रांवर बेस ड्रम ठेवून मात्रांच्या बरोबर मधोमध हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघड-बंद होणाऱ्या जोडीच्या, झांजा उघडायला सुरुवात केली. ठोका खाली खेचतो, झांज वर उचलते. पुढे जगभर ‘डिस्को बीट’ म्हणून पसरला तो हाच. पहिला मान एकाच माणसाला द्यायचा असेल तर आमच्या मते तो यंग यांचा. पण त्यांच्याबरोबर बास गिटारवर रॉनी बेकर आणि गिटारवर नॉर्मन हॅरिस होते हे विसरून चालणार नाही. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांच्या कंपनीचा तो कायमचा ताफा होता. रोज एकत्र वाजवणाऱ्यांनाच असा ठेका इतका घट्ट धरता येतो.

प्रश्न : संगणकावर हाच ठेका बांधला, पण तो लष्करी कवायतीसारखा वाटतो. बेस ड्रम बदलून पाहिला, फरक पडला नाही. काय चुकतं?

उत्तर : चूक बहुधा हाय-हॅटमध्ये आहे, आणि तुम्ही बदलताय बेस ड्रम.

चार मात्रांच्या आवर्तनाची सोळा घरं करा. लय मिनिटाला १२०. म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि एक घर १२५ मिलिसेकंदांचं. बेस ड्रम १, ५, ९ आणि १३ या घरांत. स्नेअर ५ आणि १३ मध्ये. उघडी हाय-हॅट ३, ७, ११ आणि १५ मध्ये, बंद हाय-हॅट १, २, ५, ६, ९, १०, १३ आणि १४ मध्ये. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं. बिघडतं ते पुढे.

पहिली गोष्ट, उघडी झांज पुढच्या मात्रेवर कापली गेली पाहिजे. खरा ड्रमर तिसऱ्या घरात पाय उचलतो आणि पाचव्यात दाबतो. आवाज फार तर २५० मिलिसेकंद टिकतो आणि तिथे तुटतो. नाचणाऱ्याला पुढचं पाऊल टाकायला लावते ती ही तूट. संगणकात उघड्या आणि बंद झांजेचे नमुने वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील, तर एक वाजताना दुसरा थांबत नाही आणि सगळीकडे एकसारखी सळसळ पसरते. दोन्ही नमुने एकाच ‘चोक ग्रुप’मध्ये, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबवणाऱ्या गटात, टाका.

दुसरी गोष्ट जोराची. सगळी घरं सारख्या जोराने वाजली की कवायत सुरू झालीच. सुरुवातीला व्हेलॉसिटी (संगणकातला ठोक्याच्या जोराचा आकडा) अशी ठेवा : मात्रेवरची बंद झांज ७०, तिच्या पुढची ४५, मधली उघडी १००. मग कानाने फिरवा. ठोके थोडे उशिरा ढकलून ताल झुलवणारं स्विंगचं बटण मात्र बंदच ठेवा. या संगीतातले सोळावे भाग जवळजवळ सरळ चालतात.

तिसरी गोष्ट, बेस ड्रम फार लांब घुमत असेल. सत्तरच्या दशकातल्या स्टुडिओंत बेस ड्रमचं पुढचं कातडं काढून आत उशी किंवा घोंगडी कोंबत आणि स्नेअरवर चिकटपट्टी लावत. आवाज कोरडा, थोडका. तुमचा नमुना साधारण २०० मिलिसेकंदांत विरत नसेल तर त्याची शेपटी छाटा आणि ड्रमवरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) काढून टाका. सभागृहासारखा घुमार हवाच असेल तर तो व्हायोलिनांना द्या.

बासची ओळ सप्तकाच्या उडीची करणार असाल, म्हणजे मात्रेवर खालचा स्वर आणि उघड्या झांजेबरोबर तोच वरच्या सप्तकात, तर खालचा स्वर तिसऱ्या घराआधी संपवा. तो वरच्या स्वरावर सांडला की उडी ऐकूच येत नाही, नुसती गुरगुर उरते.

प्रश्न : मग व्हायोलिनं, वाह-वाह गिटार, काँगा हे सगळं कुठून आलं?

उत्तर : वेगवेगळ्या दारांनी. १९७१च्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात आयझॅक हेज यांनी सोळाव्या भागांची सलग हाय-हॅट, वाह-वाह पेडलवरची (पायाने सूर ‘वा-वा’ असा उघडबंद करणारी) गिटार आणि मोठा वाद्यवृंद एकत्र आणला. बॅरी व्हाइट यांनी १९७३ मध्ये व्हायोलिनांनाच मुख्य गायकाची जागा दिली. काँगा आणि टिंबालेस हे ड्रम न्यू यॉर्कमधल्या क्यूबन व पोर्तो रिकन संगीतातून आले. टाळ्या आणि टँबरीन कृष्णवर्णीय चर्चच्या गॉस्पेल भक्तिसंगीतातून.

गिटारबद्दल एक गोष्ट, कारण नवशिके तिथेच अडखळतात. उजवा हात सोळाही घरांत न थांबता खाली-वर चालू राहतो. स्वर कुठे उमटायचा ते डावा हात ठरवतो. डाव्या हाताची बोटं सैल सोडली की नुसती ‘चक’, दाबली की स्वरमेळ. उंच स्वराच्या तीन तारा पुरतात. उजवा हात थांबवून ‘हवे तेवढेच’ फटके मारायला गेलात तर लय घसरणारच.

प्रश्न : डिस्कोच्या तबकड्या १२ इंची का? केवळ गाणं लांब म्हणून?

उत्तर : लांबी हे अर्धंच कारण. नाचाच्या मजल्यावर तीन मिनिटांचं गाणं अपुरं पडत होतंच. एडी केंड्रिक्स यांच्या १९७२च्या ‘गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड’ या गाण्यात मध्येच वाद्यं गळून ताल उघडा पडतो आणि मग एकेक वाद्य परत येतं. डीजेंना असा भाग सोन्यासारखा. पण ७ इंची तबकडीवर गाणं लांबवायचं तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात. खर्जाचे स्वर खाचेला आडवे मोठे हेलकावे देतात आणि त्यासाठी जागा हवी. जागा नसली की तबकडी कापणारा, म्हणजे तिच्यावर खाच कोरणारा, अभियंता दोनच गोष्टी करू शकतो : एकूण आवाज कमी करायचा किंवा खर्ज छाटायचा. दोन्हींत नाच मरतो.

टॉम मोल्टन हे गाणी नाचासाठी नव्याने जुळवून देणारे जाणकार. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी, की एकदा चाचणी-तबकडी कापताना ७ इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून अभियंता होजे रॉड्रिगेझ यांनी १० इंची घेतली. एवढ्या मोठ्या तबकडीवर बारीकशी पट्टी विचित्र दिसत होती, म्हणून खाचा पसरवून आवाज वाढवला, आणि जे ऐकू आलं त्याने प्रश्नच मिटला. १९७५च्या आरंभी मोल्टन यांनी ग्लोरिया गेनर यांच्या अल्बमच्या एका बाजूवर तीन गाणी न थांबता, सुमारे १९ मिनिटं, जोडून दिली. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर यांचं ‘टेन पर्सेंट’ वॉल्टर गिबन्स यांच्या मिक्ससह १२ इंची सिंगल म्हणून दुकानांत आणलं. ते नऊ मिनिटांहून लांब.

आज कोणी तबकडी कापून घेणार असेल तर : खर्ज आणि बेस ड्रम मध्यभागीच, मोनोमध्ये ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंचा खर्ज एकमेकांविरुद्ध गेला की खाच उभी खाली-वर होते आणि सुई उडते.

प्रश्न : डिस्को हे यंत्रांचं संगीत होतं, हा आरोप खरा का?

उत्तर : अर्धवट खरा, आणि त्याची उदाहरणं गमतीशीर आहेत. १९७४ मध्ये जॉर्ज मॅक्रे यांचं ‘रॉक युअर बेबी’ तालयंत्रावरच उभं राहिलं. याउलट यंत्रसंगीताचा मानबिंदू मानलं जाणारं डोना समर यांचं ‘आय फील लव्ह’ घ्या. १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी बास मूग या इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरवर घेतला. मूगचा सूर थोड्या वेळात उतरायचा, म्हणून तुकड्या-तुकड्यांत ध्वनिमुद्रण करून मध्ये पुन्हा सूर लावावा लागे. रॉबी वेडेल यांनी टेपच्या एका ट्रॅकवर संकेत नोंदवून यंत्राची लय टेपशी बांधली. बासचा उशिरा येणारा प्रतिध्वनी दुसऱ्या बाजूला टाकल्याने ती ओळ दुप्पट वेगाने धावते आहे असं वाटतं. आणि बेस ड्रम? तो मात्र कीथ फोर्सी यांनी पायाने वाजवला, कारण मूगमधून तसा ठोका निघत नव्हता.

त्याच वर्षी बी जीज यांच्या ‘स्टेइन अलाइव्ह’साठी उलटं झालं : ड्रमर हजर नव्हता, म्हणून त्यांच्याच ‘नाइट फीव्हर’मधली दोन आवर्तनं टेपवरून कापून, त्या तुकड्याचं वेटोळं (लूप) करून पुन्हा पुन्हा फिरवली. ड्रम माणसाचे, वाजवणारं यंत्र.

प्रश्न : जुन्या तबकड्या एकीत एक मिसळताना सुरुवातीला जुळलेला ठेका अर्ध्या मिनिटात सुटतो. टर्नटेबल बिघडलंय का?

उत्तर : शक्यता कमी. हाताने वाजवलेल्या गाण्यात कडव्याहून ध्रुवपदाची लय किंचित चढलेली असते. नुसता ताल चालू असतो त्या भागात मिसळा, सोळा आवर्तनांत उरका आणि एक बोट तबकडीच्या कडेवर राहू द्या. ११८चं गाणं १२२वर न्यायला साधारण ३.४ टक्के वेग वाढवावा लागतो. तेवढं चालून जातं. ६ टक्क्यांना सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि गायिकेचा आवाज पोरकट वाटू लागतो.