अकरा लाखांत पायाचे किती टक्के?

वाचक भगिनीचा प्रश्न: माझे मिस्टर वायरमन आहेत, अपघाताच्या वेळी वय ३७. दोन वर्षांपूर्वी कराडजवळ हायवेवर ट्रकने त्यांच्या मोटरसायकलला उडवलं. उजव्या पायात रॉड आहे, गुडघा पूर्ण वाकत नाही, शिडीवर चढता येत नाही. जिल्हा रुग्णालयाचा ३५ टक्क्यांचा दाखला आहे. आठ महिने घरी होते. दवाखान्याची बिलं ३ लाख १० हजार झाली, रॉड काढायला आणखी ८० हजार सांगितलेत. कमाई महिना २८ हजार होती, पण रिटर्नमध्ये वर्षाला २ लाख ४० हजारच दाखवलेत. साताऱ्याला दावा दाखल करून दीड वर्ष झालं. विमा कंपनी म्हणते, हेच इंडिकेटर न देता वळले. तरी लोकअदालतीत सगळे मिळून ११ लाख देऊ. सावकाराचे चार लाख आहेत, महिना तीन टक्क्यांनी. वकील म्हणतात, घेऊन टाका. घ्यावेत का?

ताई, अकराला घेऊ नका. लोकअदालतीला मात्र जा, आणि जाण्याआधी हा आकडा घरी बसून सुटा करा. एकरकमी ऐकला की तो मोठा वाटतो.

आठ महिन्यांची बुडालेली कमाई, रिटर्नप्रमाणे महिना २० हजार धरून, १ लाख ६० हजार. बिलं ३ लाख १० हजार. रॉडचे ८० हजार. झाले साडेपाच लाख. वेदना, खुराक, गाडीभाडं, तुम्ही त्यांच्या उशाशी अडकून राहिलात ते, या सगळ्याचे मी दीड लाख धरतो. हा माझा अंदाज, इथे कोर्टागणिक फरक पडतो. म्हणजे सात लाख तर होऊन गेलेल्या आणि समोर दिसणाऱ्या खर्चातच गेले. उरले चार. पुढच्या सगळ्या आयुष्यात जी कमाई घटणार, तिची किंमत कंपनीने चार लाख केलीय.

आता न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताचे दावे चालवणारं जे कोर्ट तुमचा दावा ऐकतंय ते, ही घट कशी मोजतं ते बघा. वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरलेला आहे; २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला १५. स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात ४० टक्के भावी वाढ धरायची, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरवलं. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला, पण कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीलाही ही वाढ मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही. तर २ लाख ४० हजारांचे झाले ३ लाख ३६ हजार, गुणिले १५, म्हणजे ५० लाख ४० हजार. ही शंभर टक्के कमाई बुडाली तरची रक्कम.

चार लाख म्हणजे त्यातले जेमतेम आठ टक्के. ज्याला शिडी चढता येत नाही त्या वायरमनची कमाई फक्त आठ टक्क्यांनी घटली, असं कंपनीचं म्हणणं झालं. तडजोडीच्या टेबलावर हे टक्के त्यांना मोठ्याने विचारा.

अर्थात दाखल्यावर ३५ लिहिलंय म्हणून ३५ टक्के मिळतील, असंही नाही. बहुतेक घरं इथेच फसतात. २०१० च्या राजकुमार निकालात न्यायालयाने हा फरक नीट सोडवून सांगितलाय: एका अवयवाचं अपंगत्व वेगळं, संपूर्ण शरीराचं वेगळं आणि कमावण्याची ताकद किती गेली ते आणखी वेगळं. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार कामातून जाईल, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहील. त्या खटल्यातल्या माणसाचं पायाचं अपंगत्व ४५ टक्के होतं, न्यायालयाने कमाईतली घट धरली २०.

म्हणून मीही सावध हिशेब २० टक्क्यांवर करतो. ५० लाख ४० हजारांचे २० टक्के म्हणजे १० लाख ८ हजार, अधिक वरचे सात लाख: १७ लाख ८ हजार. इंडिकेटरच्या मुद्द्यावर न्यायाधिकरणाने तुमच्या मिस्टरांचा २० टक्के दोष धरलाच, तर उरतात १३ लाख ६६ हजार. आणि वायरमनचं निम्मं काम शिडीवरच असतं हे पटवता आलं, पूर्ण ३५ टक्के मान्य झाले, दोषही धरला गेला नाही, तर आकडा २४ लाख ६४ हजारांपर्यंत जातो. त्यावर घर बांधू नका, पण तो माहीत असू द्या.

‘सगळे मिळून’ या दोन शब्दांत व्याजही गिळलंय. न्यायाधिकरण दावा दाखल झाल्यापासून सरळ व्याज देऊ शकतं. सात टक्के धरले तर १३ लाख ६६ हजारांवर वर्षाला साधारण ९५ हजार ६००. दीड वर्षाचं आजच १ लाख ४३ हजार झालं. म्हणजे सावध आकडासुद्धा आजच्या तारखेला १५ लाखांच्या घरात आहे.

आणखी दोन वर्षं थांबलात तर तो १७ लाखांवर जाईल. आज ११ घेऊन सात टक्क्यांच्या एफडीत टाकले, तर दोन वर्षांनी साडेबारा-पावणेतेरा. थांबण्याची कमाई वरवर सव्वाचार लाख दिसते. पण सावकाराला महिन्याला १२ हजार जातायत. दोन वर्षांत २ लाख ८८ हजार. शिवाय निकालानंतर कंपनी हायकोर्टात अपिलात गेली तर अजून वेळ. म्हणजे थांबण्यातून मिळणाऱ्यातलं बरंचसं सावकाराच्याच घरी जाणार.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न सावकाराचा आहे. अंगावर सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण, नसेल तर पतसंस्था, भाऊ, दीर, कुणाकडूनही चार लाख घेऊन सावकाराचं कर्ज आधी फिरवा. सोनेतारणाचं वर्षाचं व्याज सावकाराच्या चार-पाच महिन्यांच्या व्याजाएवढंही नसतं. या सावकाराकडे परवाना आहे का, तेही बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

कर्ज फिरलं तर १४ च्या खाली उतरू नका; पंधरापेक्षा एक लाख कमी धरतो तो अपिलाच्या आणि खेट्यांच्या त्रासापोटी. फिरलंच नाही, तर साडेबारापर्यंत या. अकरा दोन्हीकडून कमीच पडतात. सुरुवात १७ पासून करा. तडजोड फिसकटली तर बिघडत नाही, दावा परत न्यायाधिकरणापुढे चालतो. उलट सही झाली की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

२८ हजारांचं काय? अपघाताच्या आधीची रिटर्न्स सांगतात तेच बहुधा धरलं जाईल. आता घाईने वाढीव रिटर्न भरू नका, उलटतपासणीत खरी रिटर्न्सही संशयात येतात. ज्या बिल्डरांची कामं घेतली त्यांच्याकडून खात्यात आलेले पैसे, इलेक्ट्रिक दुकानाची मालाची बिलं, एखादा ठेकेदार साक्षीला, एवढं जमलं तर थोडंफार वाढेल. मी हिशेबात मुद्दाम महिना २० हजारच धरलेत.

त्यापेक्षा जास्त फरक डॉक्टरांच्या साक्षीने पडेल. नुसता दाखला फाइलला लावून भागत नाही. ऑपरेशन केलेले डॉक्टर येऊन ‘हा माणूस उंचावर, उकिडवं बसून काम करू शकणार नाही’ म्हणाले, तर घटीचे विसाचे तीस टक्के होऊ शकतात. तुमच्या वकिलांनी त्यांना अजून बोलावलेलं दिसत नाही. वकिलांची फी टक्क्यात ठरली असेल तर आणखी एक लक्षात घ्या: बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही, आणि लवकर मिटलं की त्यांचं काम कमी होतं. सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही, पण ‘आठ टक्केच का?’ एवढं त्यांनाही विचारा.

केस चालू आहे म्हणून मिस्टरांना घरी बसवू नका. पंखे-मोटारी रिवाइंडिंगचं, बोर्ड भरायचं, टेबलावरचं जे जमेल ते करू द्या, आणि कोर्टात लपवू नका. घट कमावण्याच्या ताकदीची मोजतात, थोडं कमावल्याने दावा बुडत नाही. दोन वर्षं रिकामं बसलेल्या माणसाला मग काम देणारेही विसरतात.

जमलंच, तर तडजोड पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदावर) सही करण्याआधी तीन गोष्टी त्यात लिहिल्यात का ते स्वतः वाचा: रक्कम किती दिवसांत जमा होणार, उशीर झाला तर व्याज किती, आणि चेक कुणाच्या नावे.