जर्मनीत नोकरीसाठी जातोय. कायमचं भाड्याचं घर घेताना काय बघायचं?

जाहिरातीतला काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. हिशेब वार्ममीटेवरच करा. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. डिपॉझिट कायद्याने काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता करार सुरू होताना.

नवख्याचं घोडं अडतं ते शूफापाशी, म्हणजे तिथल्या क्रेडिट रेकॉर्डपाशी. तुमची नोंदच नसते. मग नोकरीचा करार, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, पासपोर्ट-व्हिसाची प्रत असं एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. तरी सुरुवातीचे दोन-तीन महिने फर्निश्ड घर घेऊन तिथून शोधणं शहाणपणाचं. पण तिथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होईल ना, हे आधी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, जमेल तसं म्हणा! नोंदणी रखडली की टॅक्स नंबरही रखडतो.

जाहिरातीत 'ईबीके', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, लिहिलेलं नसेल तर स्वयंपाकघर रिकामं असू शकतं: ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून डोकावणारे पाइप तेवढे.

चावी घेताना मीटरचे आकडे, फरशीवरचे ओरखडे, बुरशीचे डाग लेखी नोंदवून दोघांच्या सह्या घ्या. सोडताना डिपॉझिट यावरूनच कापतात. आणि 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल' म्हणणारा शंभर टक्के भामटा.