जॅझ ऐकायचंय म्हणालीस म्हणून

अगं,

तुझा मेसेज वाचला, "जॅझचे टॉप टेन अल्बम पाठवा ना, वीकेंडला उरकून टाकते." उरकून टाकते! हसूच आलं मला. यादी काय, पाच मिनिटांत टाइप करून दिली असती, आणि नेटवर ढिगाने पडल्यात, सगळ्यांत तीच नावं आलटून पालटून. पण दहा अल्बम दोन दिवसांत कानात ओतलेस तर सोमवारी डोक्यात एवढंच उरेल की सॅक्सोफोन फार होता बाई. म्हणून मी एकच अल्बम देतोय, महिनाभर तोच ऐक, आणि पुढे कुठे जायचं ते त्यात वाजवणारी माणसं सांगतील.

ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. हो, माहितीये, जो तो हाच सांगतो, पण काही गोष्टी सगळे सांगतात त्या बरोबरच असतात म्हणून सांगतात. न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीचा एक स्टुडिओ होता, आधी तिथे चर्च होतं, तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत हे सगळं रेकॉर्ड झालं. पाचच पीसेस. माइल्सने लोकांना आधीपासून काही बसवून दिलं नव्हतं, कुठले थाट आणि साधारण काय क्रम एवढा कच्चा आराखडा हातात, की वाजवा. तुला तबलेवालीला तर हे समजायला काहीच अवघड नाही, तुमच्याकडे शास्त्रीयमध्ये बंदिशीच्या दोन ओळी देतात आणि पुढचा अर्धा तास तुझा तू बघ म्हणतात.

पहिला पीस 'सो व्हॉट'. यातली मेन धून बेसवर आहे, पॉल चेंबर्स वाजवतो, बाकीचे नुसते दोन सुरांत त्याला "हो" म्हणतात. म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंस तर धूनच गायब, आणि तू मला विचारणार की सुरू कधी होतं. चांगले इअरफोन घाल. दुसरं म्हणजे हार्मोनियम जवळ ठेव. पांढरी दोनचा सा धरलास तर सरळ काफी थाट आहे, ग नी कोमल, १६ मात्रांचं नाही हं, १६ बारचं, म्हणजे चारचारच्या १६ खेपा. मग अचानक सगळा मामला उचलून काळी दोनवर जातो, थाट तोच, सा फक्त अर्ध्या सुराने वर, तिथे आठ बार, आणि परत खाली येऊन आठ. झालं एक आवर्तन म्हण. हे ३२ बार शेवटपर्यंत फिरत राहतात, आणि त्यावर आधी माइल्स, मग जॉन कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्ली, मग पियानोवर बिल एव्हान्स असे एकेक करून सोलो घेतात. सुरुवातीला बोटांवर मोज, लाज बाळगू नकोस, तो वर चढण्याचा क्षण दोनचारदा पकडता आला ना की पुढचं सगळं सोपं, कारण हे लोक "वाट्टेल ते" वाजवत नाहीयेत हे तुझं तुला कळतं आणि मग कोण कसा वळून समेवर येतोय याची मजा सुरू होते. सम हा शब्द तिकडे नाही पण चालतंय.

कोल्ट्रेन डाव्या कानात येईल आणि अ‍ॅडर्ली उजव्या. दोघंही सॅक्सच, पण कोल्ट्रेनचा टेनर जाड आवाजाचा, खोदत बसणारा, आणि अ‍ॅडर्लीचा आल्टो हसरा, गल्लीतून शीळ घालत चाललेल्या माणसासारखा. यातला कोण आवडला त्यावर तुझा पुढचा रस्ता ठरणार.

अ‍ॅडर्ली आवडला तर 'समथिंग एल्स' घे, १९५८, त्यात माइल्स त्याच्या हाताखाली वाजवतो, म्हणजे अल्बम अ‍ॅडर्लीच्या नावावर. बिल एव्हान्सचा पियानो आवडला तर 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड', २५ जून १९६१ ला एका छोट्या तळघरातल्या क्लबमध्ये झालेलं लाइव्ह रेकॉर्डिंग, मागे ग्लासांचे आवाज आणि लोकांची कुजबुज ऐकू येते आणि त्यावर स्कॉट लाफारोचा बेस असा काही बोलतो की पियानो लीड करतोय की बेस हेच कळेना. लाफारो त्यानंतर अकरा दिवसांत कार अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा होता. आणि कोल्ट्रेन आवडला तर 'जायंट स्टेप्स', तिथे बेसवर परत आपला पॉल चेंबर्स भेटेल, पण सावध, 'सो व्हॉट'मध्ये १६ बार निवांत एका जागी होतीस ना, इथे कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, इतक्या भराभर बदलतात की श्वास घ्यायला जागा नाही, म्हणजे मुद्दाम उलटं. हे दोन्ही एकाच वर्षात, एकाच माणसाने वाजवलेलं आहे हे ध्यानात ठेवून ऐक.

बघ, एका अल्बमवरून तीन झाले आणि यादी लागली नाही. अ‍ॅपमध्ये साथीदारांची नावं धड नसतात, कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो शोध आणि कोण काय वाजवतंय ते वाच, एवढंच माझं सगळं तंत्र आहे. रेगे ऐकायला गेलीस तरी हेच कर, बॉब मार्लीच्या आवाजाकडे सगळे बघतात पण 'कॅच अ फायर'मध्ये खरा पाया बॅरेट भावांचा, एक बेसवर एक ड्रम्सवर, त्यांचा माग काढलास की अर्धं जमैका आपोआप ऐकून होईल.

आता तबलेवालीसाठी खास. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचा 'टाइम आउट', तोही १९५९ चाच. त्यातला 'टेक फाइव्ह' तू ऐकलायस, जाहिरातीत नाहीतर लिफ्टमध्ये, नाव माहीत नसेल. पाच मात्रा, तीन अधिक दोन. झपतालाचा दोन-तीन हात बसलेल्या माणसाला तो जरा उलटा लागतो, बसून जाईल. पण खरी गंमत ड्रमच्या सोलोत आहे. ड्रमर जो मोरेलो सोलो घेतो तेव्हा ब्रूबेक खाली पियानोवर तेच तेवढंच पाच मात्रांचं तुणतुणं वाजवत राहतो, शेवटपर्यंत, हटत नाही. हा तर तबल्याखालचा लेहरा आहे गं! मोरेलो मध्येच इतकी मोकळी जागा सोडतो की वाटतं चुकला, आणि लेहऱ्यामुळे तुला कळतं की नाही चुकला. तुझ्या गुरुजींनाही ऐकव, फक्त आधी काही न सांगता. त्याच रेकॉर्डवर नऊ मात्रांचा एक पीस आहे, दोन-दोन-दोन-तीन, ती लय ब्रूबेकने तुर्कस्तानात रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून उचलली, १९५८ च्या दौऱ्यात, आणि त्याच दौऱ्यात स्वारी आपल्याकडेही येऊन गेली.

गाणं हवं असेल तर एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा 'एला अँड लुई', १९५६. रविवार सकाळ, चहा, बस. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, आवडतोच.

'अ लव्ह सुप्रीम' मात्र लगेच घेऊ नकोस. कोल्ट्रेनचाच, डिसेंबर १९६४ मध्ये रेकॉर्ड झालेला, चार भाग, अर्ध्या तासाच्या आसपास. 'जायंट स्टेप्स' अंगवळणी पडल्यावर ये. शेवटचा भाग 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र) ऐकताना कव्हरवर छापलेली त्याची प्रार्थना समोर ठेव. तो सॅक्सवर ती प्रार्थनाच वाचतोय, ओळ संपते तिथे फ्रेज संपते, बोट ठेवून वाचता येतं. हे मला कुणीतरी सांगेपर्यंत मला तो भाग नुसता हळवा आलाप वाटायचा.

तू विचारलंस की 'शक्ती' बँडपासून सुरुवात केली तर, झाकीर हुसेन होते ना त्यात. शक्ती जबरदस्तच, १९७५ ला रेकॉर्ड झालेला तो पहिला लाइव्ह अल्बम मलाही पाठ आहे, पण तिथे तुझे कान सरळ तबल्याकडे जाणार आणि त्यातल्या जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार कुठून आलीये ते कळणारच नाही. आधी तिकडचं ऐकून घे, मग परत ये. तेच मुंबईच्या जॅझचं. ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट, आपला गोव्याचा आन्तोनियो झेव्हियर वाझ, त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि तोच सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. आधी आर्मस्ट्राँगची १९२५ ते २८ ची हॉट फाइव्ह, हॉट सेव्हन या त्याच्या बँडची रेकॉर्डिंग्ज ऐक, तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या, खरखर आहे, सहन कर. मग 'अलबेला' लाव आणि त्यातला ट्रंपेट ऐक. तुझ्या आजीची गाणी आहेत ती, पण तुला त्यात आर्मस्ट्राँगचं न्यू ऑर्लिन्स ऐकू यायला लागेल आणि मग तू आजीचं डोकं खाशील.

'फ्री जॅझ', 'बिचेस ब्रू' वगैरे अल्बम दिवाळीनंतर. कुणी ग्रुपवर म्हणेल की हेच खरं जॅझ, म्हणू दे.

आणि महिना झाला की फोन कर, पण किती अल्बम झाले ते सांगू नकोस, डावा कान की उजवा तेवढं सांग.

तुझा,
काका

ता. क. चोरबाजारातून 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी एलपी वगैरे मिळाली आणि हार्मोनियमशी पट्टी जुळेना, तर हार्मोनियमवाल्याला बोलवू नकोस. मार्चच्या त्या दिवशी टेप मशीन जरा हळू चालत होतं, म्हणून पहिल्या बाजूचे तिन्ही पीस कितीतरी वर्षं किंचित चढ्या सुरात विकले गेले. १९९० नंतरच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त केलंय, अ‍ॅपवर हल्ली बहुतेक तेच असतं.