एक स्पीकर आणि दोन व्हॉल्व्ह अँप्लिफायर

प्रश्न : माझ्याकडे गिटारचे दोन व्हॉल्व्ह अँप्लिफायर आहेत, एक 50 वॅटचा आणि एक 15 वॅटचा, स्पीकर मात्र 8 ओहमचा एकच आहे. दोन्हींची आउटपुटे ‘वाय’ केबलने एकत्र करून हवा तोच अँप्लिफायर चालू ठेवला तर चालेल का? की वाजवता वाजवता बदलता येईल असा स्विच बसवावा?

उत्तर : ‘वाय’ केबल कदापि वापरू नये, दुसरा अँप्लिफायर बंद असला तरीही. 50 वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात वाजतो तेव्हा 8 ओहमच्या स्पीकरवर 20 व्होल्ट असतात. त्याच तारांना जोडलेला बंद अँप्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर अशा वेळी उलटा चालतो; 15 वॅटच्या अँप्लिफायरमध्ये त्याचे गुणोत्तर 1:30 च्या आसपास असू शकते, म्हणजे त्याच्या व्हॉल्व्हच्या बाजूला 600 व्होल्ट उभे राहतात आणि तो बंद आहे या समजुतीला काही अर्थ उरत नाही.

स्विच बसवता येईल, पण चालू व्हॉल्व्ह अँप्लिफायर क्षणभरही लोडशिवाय (म्हणजे त्याची शक्ती घेणाऱ्या स्पीकर किंवा रेझिस्टरशिवाय) राहणार नाही, ही अट पाळावी लागेल. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला शॉर्टची भीती असते, तर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला उघड्या आउटपुटची. लोड नसताना सिग्नल गेला, की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूच्या वेटोळ्यावर, व्होल्टेजचे इतके मोठे झटके येतात की व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशनच फुटते.

त्यासाठी चार पोलांचा (एकाच दांडीने चार तारा बदलणारा), दोन दिशांचा आणि आधीचा संपर्क तोडून मगच पुढचा जोडणारा स्विच घ्यावा. प्रत्येक अँप्लिफायरला दोन पोल द्यावेत, कारण ऋण तारा एकत्र बांधल्या तर हम (सततची गुणगुण) येण्याची शक्यता असते. एका बाजूला स्पीकर आणि दुसऱ्या बाजूला त्या अँप्लिफायरचा स्वतःचा 8 ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर), अशी जोडणी करावी. अँप्लिफायर आवाज फाटेपर्यंत वाजवला तर नोंदलेल्यापेक्षा बरीच जास्त शक्ती देतो, म्हणून लोड दुप्पट वॅटचा, म्हणजे 100 आणि 30 वॅटचा असावा. तो ॲल्युमिनियमच्या आवरणातला घेऊन धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावा. (बोटाएवढ्या स्वस्त टॉगल स्विचच्या मोहात पडू नये, संपर्क निदान 5 अँपिअरचे हवेत.)

स्विचची दांडी एका बाजूकडून दुसरीकडे जाताना काही मिलिसेकंद दोन्ही अँप्लिफायर उघडे पडतात, आणि हौशी जोडण्यांत नेमकी हीच जागा सुटते. प्रत्येक आउटपुटच्या दोन टोकांमध्ये 470 ओहमचा, 10 वॅटचा रेझिस्टर कायमचा डाखून ठेवावा. त्याने 8 ओहमच्या लोडमध्ये दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो, त्यामुळे आवाजात काही कळत नाही. तरीही स्विच फिरवण्यापूर्वी गिटारचा आवाज शून्यावर आणावा, आणि गिटारचा सिग्नलही वेगळ्या स्विचने एका वेळी एकाच अँप्लिफायरला द्यावा. इतके करून हम आलाच, तर एका इनपुट केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये.

अँप्लिफायर जोडण्यापूर्वी या स्विचच्या पेटीच्या दोन्ही इनपुटांवर मल्टिमीटर लावून पाहावा. डमी लोडच्या बाजूला सुमारे 8 ओहम दिसतील, स्पीकरच्या बाजूला 6 ते 7, आणि दांडी मध्येच धरून ठेवता आली तर 470.