अकरावी-बारावीला राज्यशास्त्र घ्यावं का? नुसतं पाठांतर असतं का?

जरूर घे. तारखा आणि कलमं थोडी पाठ करावी लागतात, नाही असं नाही, पण विषयाचा जीव तिथे नाही. अकरावीला स्वातंत्र्य, समता, न्याय या संकल्पना येतात, बारावीला 1991 नंतरचं जग. सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याच वर्षी भारताने आर्थिक धोरण बदललं, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की बातम्या वेगळ्या दिसायला लागतात.

उदाहरण घे. 73वी घटनादुरुस्ती म्हणजे पंचायतींना घटनात्मक दर्जा, महिलांना किमान एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने पुढे हे प्रमाण निम्म्यावर नेलं. हे वाचून एकदा आपल्या गावच्या ग्रामसभेला जाऊन बस. कोण बोलतं, सरपंचबाईंच्या वतीने उत्तरं कोण देतं, ते नीट बघ. त्यानंतर ‘प्रतिनिधित्व’वरचं उत्तर लिहायला गाइड लागणार नाही.

पाच वर्षांच्या एलएलबीला किंवा स्पर्धा परीक्षांना पाया म्हणून उपयोग होतोच. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर बराचसा याच विषयाचा आहे. फक्त गुण सहज मिळतात म्हणून घेणार असशील तर मात्र थांब, दीर्घोत्तरी प्रश्नांत मुद्दा मांडता आला नाही की गुण जातात. रोज अग्रलेख वाचायची सवय आत्ताच लाव.