गेटियरची तीन पानं आणि आमच्या घरचा कुकर

तुमची अडचण अशी: बी.ए. मराठी माध्यमातून झालं, एम.ए.ला ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान म्हणजे काय हे तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेचा पेपर घेतला, त्यातला गेटियर या तत्त्वज्ञाचा लेख दोनदा वाचला, तरी 'खिशातली नाणी मोजून सिद्ध काय झालं' हे कळत नाही. घरचे उपयोग विचारतात आणि पेपर बदलायची मुदत आठ दिवसांवर आली आहे. मी हाच पेपर घेऊन एम.ए. केलं आणि पुढे बरीच वर्षं अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवलं. माझं स्पष्ट मत आहे की पेपर बदलू नका. तुम्ही जिथे अडला आहात तिथूनच हा विषय सुरू होतो.

आधी शब्दांचं बघू, कारण मराठीतून आलेल्या मुलांची पहिली ठेच तिथेच लागते. ज्ञानाची जुनी व्याख्या 'जस्टिफाइड ट्रू बिलीफ' अशी आहे. तिच्यातल्या 'बिलीफ'ला आपल्या नोट्समध्ये कुणी 'श्रद्धा' लिहितं, कुणी 'विश्वास'. श्रद्धा म्हटलं की देव आठवतो. विश्वास आपण माणसावर ठेवतो. जवळचा शब्द 'समजूत', पण 'माझी समजूत होती' असं म्हटलं की ती चुकीची निघाली असणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. 'ज्ञान' तर आणखी अवघड, कारण त्यामागे आत्मज्ञान, ब्रह्मज्ञान अशी सगळी परंपरा उभी राहते. मी वर्गात एक साधी युक्ती वापरायचे: 'ज्ञान' बाजूला ठेवा आणि 'माहीत असणं' घ्या. 'पाऊस पडतोय असं त्याला वाटतं, पण पडत नाहीये' हे वाक्य बरोबर आहे. 'पाऊस पडतोय हे त्याला माहीत आहे, पण पडत नाहीये' हे जिभेवरच अडखळतं. वाटणं आणि माहीत असणं यांत नेमकं काय जास्त असतं, एवढाच पेपरचा मुख्य प्रश्न. जुनं उत्तर, म्हणजे तेच 'जस्टिफाइड ट्रू बिलीफ', असं, की गोष्ट खरी हवी, माणसाला तशी वाटायला हवी आणि तसं वाटायला योग्य आधार हवा. या उत्तराची चर्चा प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादापासून चालू आहे.

१९६३ साली एडमंड गेटियरने 'अ‍ॅनालिसिस' नियतकालिकात जेमतेम तीन पानं लिहिली. त्यातलं उदाहरण असं: स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केलाय. स्मिथला भक्कम आधारावर वाटतं की नोकरी जोन्सला मिळणार. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने स्वतः मोजून पाहिलंय. म्हणून तो म्हणतो, 'ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात, जे त्याला ठाऊक नसतं. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, तरी त्याला हे माहीत होतं असं म्हणायला आपण धजत नाही. गेटियर उदाहरणाआधी दोन गोष्टी गृहीत धरतो: चुकीच्या गोष्टीलाही चांगला आधार असू शकतो, आणि आधार असलेल्या गोष्टीतून तर्काने जे निघतं त्यालाही आधार मिळतो. या दोन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. युक्तिवादाचं सगळं वजन त्यांच्यावर आहे, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत नेमकी तीच नसतात.

नाणी कृत्रिम वाटतात, हे खरं आहे. आमच्या बाई म्हणाल्या होत्या, 'स्वतःच्या घरातलं उदाहरण आणा आणि सत्रभर तेच वापरा.' मला ते आयतं मिळालं. आईने सांगून ठेवलं होतं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी आतल्या खोलीत वाचत होते. तीन शिट्ट्या ऐकल्या, उठून गॅस बंद केला, भात झाला असं समजले. भात झालाही होता. पण आमच्या कुकरची रिंग सैल झाली होती, वाफ बाजूनेच जात होती आणि शिट्टी एकदाही वाजली नव्हती. ऐकलेल्या तिन्ही शिट्ट्या शेजारच्या स्वयंपाकघरातल्या. भात झालाय हे मला माहीत होतं का? नव्हतं. वाटलं, ते खरं निघालं, आधारही रोजचाच होता, तरी नव्हतं.

गेटियरनंतर त्या जुन्या उत्तराला दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. आता त्यातला एकेक सिद्धांत या कुकरजवळ न्या. पहिली दुरुस्ती म्हणते, तर्कात खोटी पायरी नको. 'शिट्टी आपल्या कुकरची' ही माझी पायरी खोटी होती, म्हणून मी बाद. अ‍ॅल्विन गोल्डमन १९६७ साली म्हणाला, वस्तुस्थिती आणि समजूत यांच्यात कार्यकारणाचा धागा हवा. भात शिजण्याचा आणि मला तसं वाटण्याचा काही धागा नव्हता, म्हणून मी पुन्हा बाद. दोन्ही उत्तरं छान बसतात. मग १९७६ साली गोल्डमनच नकली कोठारांचं उदाहरण पुढे आणतो. रस्त्याकडेला कोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे आहेत, त्यांत एकच खरं कोठार आहे, आणि गाडीवाल्याची नजर नेमकी त्याच्यावर पडते. इथे खोटी पायरी नाही, धागाही शाबूत आहे, तरी त्याला माहीत आहे म्हणावं का? १९७९ साली तो विश्वसनीय प्रक्रियेचा सिद्धांत मांडतो: समजूत ज्या प्रक्रियेतून आली ती सहसा खरंच सांगणारी हवी. पण माझी प्रक्रिया कोणती? 'कानाने ऐकणं' म्हटलं तर विश्वसनीय. 'भिंतीला भिंत लागलेल्या घरात कुणाची शिट्टी ते न बघता ऐकणं' म्हटलं तर नाही. नाव द्याल तसं उत्तर बदलतं. त्या सिद्धांतावरचा हा सगळ्यात अवघड आक्षेप, आणि कुकर समोर असला की तो पाठ करावा लागत नाही.

भारतीय बाजू तुम्हाला संस्कृतातल्या शब्दांमुळे जवळची वाटेल, पण तिथेही सावध राहा. न्यायदर्शनाच्या 'तर्कसंग्रह' या प्राथमिक ग्रंथात ज्ञान यथार्थ (खरं) असतं तसं अयथार्थही असतं. शिंपल्यात चांदी दिसणं हेही ज्ञानच. तेव्हा 'नॉलेज'च्या जोडीला 'प्रमा', म्हणजे यथार्थ ज्ञान, धरायची, नुसतं 'ज्ञान' नाही. तेही पुरतं जुळत नाही, कारण नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, स्मृतीला प्रमेतून वगळतात. कुकरचा मात्र इथे फार उपयोग होतो. झाकण काढून शीत चेपून पाहिल्यावरच आधीचं ज्ञान खरं होतं हे कळतं, असं नैयायिक म्हणेल. हे परतःप्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा दुसऱ्या कशावरून तरी कळणं. मीमांसा दर्शनाचा पंडित, म्हणजे मीमांसक, विचारेल, मग बोटाने चेपलेल्या शिताची खात्री कोण करणार? त्याच्या मते बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटं ठरवणारं काही समोर येईपर्यंत, ज्ञान आपल्यापुरतं प्रमाणच असतं.

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाचं उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच: तहानलेल्या वाटसरूला मृगजळ दिसतं, तो तिथे जातो आणि खडकाखाली खरोखर पाणी सापडतं. त्यावरून 'गेटियर आपल्याकडे आधीच होता' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. धर्मोत्तरापुढचा प्रश्न त्याच्या आधीच्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने केलेल्या प्रमाणाच्या व्याख्येचा होता: अपेक्षित वस्तूपर्यंत पोचलो एवढ्यावरून ते ज्ञान प्रमाण ठरतं का? दोन्ही प्रश्न शेजारचे आहेत, एक नाहीत. हा फरक दाखवणारं एक पान त्या अभिमानाच्या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचं. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी परंपरेने शिकलेले पंडित आणि विद्यापीठातले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवलं होतं, विषय होता बर्ट्रांड रसेलची 'प्रपोझिशन'ची (विधानाची) कल्पना. ती चर्चा 'संवाद' या नावाने छापली आहे. ग्रंथालयात मिळाली तर जरूर चाळा.

घरच्यांच्या प्रश्नाबद्दल. आपल्याला माहीत असलेलं बहुतेक सगळं कुणीतरी सांगितलेलं असतं, अगदी आपली जन्मतारीखही. न्यायात याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि सांगणारा 'आप्त', म्हणजे भरवशाचा, हवा अशी अट घालतात. आप्त कोण हे ठरवताना आपण काय करतो, यावर मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईने २००७ साली अख्खं पुस्तक लिहिलं. माझ्या मावशीला पोटात दुखत होतं. कुठे दुखतं हे ती सांगत असताना डॉक्टर तिच्या मुलाकडे बघून विचारत होते, 'कधीपासून दुखतंय त्यांना?' दुखणं तिचं, पण तिचा शब्द आधार म्हणून मोजलाच जात नव्हता. फ्रिकर याला ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय म्हणते. तो प्रसंग मी आधीही पाहिला होता. त्यात नेमकं काय चुकतंय हे मला या पेपरनंतर बोलता आलं.

आठ दिवसांत एवढंच करा. गेटियरचा लेख रोज एक परिच्छेद, इंग्रजीतूनच वाचा आणि वही मिटून मराठीत लिहा. 'बिलीफ'साठी 'समजूत' घ्या, पण ती चूकच असते असं नाही हे समासात लिहून ठेवा. मग घरातलं एक उदाहरण शोधा आणि इथे टाका. आधार कुठे आहे आणि योगायोग कुठे शिरतो, ते आपण मिळून बघू.